तिसरा घाव कुणाचा?

"नियम, नियम आणि नियम! तुम्ही लोकांनी सिंगापूर उचलून टेबलावर आणून ठेवलंय." परवाच्या शनिवारी आमचा एक मित्र एवढं बोलला, वीस बाजूंचा फासा डब्यात टाकला आणि कोपी आणायला खाली निघून गेला.

सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेले आम्ही सहा जण महिन्यातून दोन शनिवार कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षसांच्या वतीने फासे टाकणारा. बाकीचे पाच जण आपापलं पात्र सांभाळतात. त्यांतला सगळ्यात लहान मुलगा नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत आहे. तो शुक्रवारी बुक-आउट होतो, म्हणजे शिबिरातून सुटतो, आणि शनिवारी जांभया देत आमच्याकडे येतो. रागावलेल्या मित्राचं पात्र पाच लेव्हल बार्बेरियन आणि पाच लेव्हल फायटर असं आहे. या दोन्ही क्लासना, म्हणजे पात्राने शिकायच्या विद्यांना, पाचव्या लेव्हलला 'एक्स्ट्रा अटॅक' मिळतो, म्हणजे आपल्या पाळीला एकाऐवजी दोन घाव घालता येतात. मित्राचा हिशेब सरळ होता: मुळातला एक, बार्बेरियनचा एक, फायटरचा एक, एकूण तीन. डीएमने पुस्तक उघडून दाखवलं. दोन क्लासकडून मिळालेला एक्स्ट्रा अटॅक एकमेकांत मिळवायचा नसतो, घाव दोनच. खेळणाऱ्यांच्या भाषेत, हे 'स्टॅक होत नाही'.

कोपीचा कप घेऊन मित्र परत आला तो मुद्दे घेऊनच. कष्टाने मिळवलेली लेव्हल वाया का जावी? दोन विद्या शिकलेला माणूस एक विद्या शिकलेल्यापेक्षा वरचढ नको का? मोठे आकडे हीच या खेळाची मजा, ती का मारायची? आणि आपल्या पुराणांत वरावर वर चढतच गेले, तिथे कुणी पुस्तक उघडून बसलं होतं का? मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. त्या रात्री लास्ट ट्रेनच्या घाईत उत्तर अर्धवट राहिलं. ते आता सविस्तर देतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: स्टॅकिंगचे नियम टेबलावरच्या प्रत्येक खुर्चीची पाळी राखतात. एकाच पात्राच्या कागदावर अमर्याद बेरीज होऊ दिली की बाकीचे चार जण प्रेक्षक होतात. म्हणून चांगला खेळ एका माणसाच्या आतली बेरीज आवळतो आणि माणसामाणसांमधली बेरीज मोकळी सोडतो.

आधी 'वाया गेलेली लेव्हल'. निव्वळ फायटर राहणाऱ्याला तिसरा घाव अकराव्या लेव्हलला मिळतो आणि चौथा थेट विसाव्याला. मित्राचं गणित मान्य केलं तर दोन क्लास वाटून घेणाऱ्याला तिसरा घाव दहाव्याच लेव्हलला मिळेल. जो एकाच विद्येवर टिकून राहिला तो मागे पडेल. हेच पुढे ताणून बघा. बार्बेरियन, फायटर, पॅलाडिन आणि रेंजर, प्रत्येकी पाच लेव्हल, एकूण वीस. चौघांचे एक्स्ट्रा अटॅक जमा केले तर पाच घाव होतात. जन्मभर तलवार घासलेल्या विसाव्या लेव्हलच्या फायटरला चार आणि चार दुकानांत उमेदवारी करून आलेल्याला पाच! वाया जाण्याचा अन्याय मग कुणावर झाला?

आणि मित्राचं नेमकं काय वाया गेलं? बार्बेरियनचा क्रोध, म्हणजे रेज, त्याच्याकडे आहे. बेफाम हल्ला आहे. फायटरचा अ‍ॅक्शन सर्ज आहे, त्यामुळे एका पाळीत त्याला पुन्हा एक अ‍ॅक्शन मिळते. दोन्हीकडचे तिसऱ्या लेव्हलचे सब-क्लास आहेत. दहा लेव्हलमधली एक गोष्ट दुहेरी निघाली, बाकी सगळं त्याने पदरात पाडून घेतलं. तरीही एवढं मान्य करतो की दुसऱ्या क्लासची पाचवी लेव्हल गाठल्यावर हातात फारसं नवं न येणं बोचतं. खेळाडू तिला 'डेड लेव्हल' म्हणतात ते उगीच नाही. त्यावर डीएमने एखादं नवं कौशल्य, एखादी भाषा, एखादं हत्यार हाती द्यावं, मी टाळी वाजवीन. तिसरा घाव मात्र द्यायला माझा विरोध आहे.

आता दोन विद्या. दोन उस्तादांकडे तबला शिकलेल्याला चार हात फुटत नाहीत. त्याला दोन घराण्यांचे बोल येतात, कुठल्या गायकामागे काय वाजवायचं याची निवड त्याच्याकडे जास्त असते, पण मात्रा तेवढ्याच असतात. खेळाने नेमकं हेच केलंय. बार्बेरियनला चिलखताशिवाय अंगच्या काटकपणावर बचाव करता येतो, मंकला चिलखताशिवाय शहाणपणावर करता येतो. दोन्ही क्लास घेतले म्हणून दोन्ही बचाव एकावर एक चढत नाहीत, त्यांतला एकच वापरायचा असतो. वास्तवाची भाषा करायची तर ती अशी पुरती करावी.

बेरजेला नियम घालणं हा काही या खेळाचा विक्षिप्तपणा नाही. क्रिकेटमध्ये एकच चेंडू नो-बॉलही असला आणि वाइडही, तर तो नो-बॉलच धरतात, दोन्हींचा दंड बसत नाही. उलट कबड्डीत सहा किंवा जास्त बचावपटू मैदानात असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली आणि वर दोघांना शिवून आला, तर बोनसचा एक आणि शिवल्याचे दोन, तिन्ही गुण मिळतात. पहिल्या उदाहरणात चूक एकाच चेंडूची आहे, दुसऱ्यात करामती दोन आहेत. स्टॅकिंगचा सगळा वाद याच प्रश्नाचा आहे: समोर एकच गोष्ट दोनदा मोजली जातेय, की खरोखर दोन गोष्टी आहेत?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात खेळाचे कर्तेही चुकत चुकत शिकले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक बोनसला जात चिकटवली: कुणी मनोबलाचा, कुणी नशिबाचा, कुणी दैवी, कुणी हत्याराच्या जादूचा. एका जातीचे दोन बोनस आले तर मोठा तेवढा धरायचा, हा सर्वसाधारण नियम. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही हीच आवृत्ती झेरॉक्सवर खेळलो. म्हणून मित्राला एक कबुली देतो: ती व्यवस्था फसली होती. जातींची संख्या डझनाच्या पुढे गेली आणि खेळाडू वाण्याची यादी घेऊन बाजारात निघाल्यासारखे प्रत्येक जातीचा एकेक बोनस गोळा करत सुटले. लढाई सुरू होण्याआधी अर्धा तास बेरजाच चालायच्या.

त्याच आवृत्तीत एक मजेदार गोष्ट होती. रेपियर तलवारीने फाशावर १८ ते २० पडलं की जबर घावाची संधी मिळायची. तलवारीला 'कीन' जादू केली की ही संधी दुप्पट आणि 'इम्प्रूव्ह्ड क्रिटिकल' शिकलात की दुप्पट. दुप्पटीची दुप्पट म्हणजे चौपट, असं कुणीही म्हणेल. पण पुस्तकाचा नियम होता की दोन दुपटी मिळून तिप्पट होते. तरीही संधी १२ ते २० पर्यंत पसरायची, म्हणजे ४५ टक्के. खात्रीसाठी दुसरा फासा टाकावा लागे ते वेगळं. २००३ साली साडेतिसरी आवृत्ती आली आणि या दोन गोष्टी स्टॅक होणं बंद झालं, संधी १५ ते २० वर, ३० टक्क्यांवर आली. 'हेस्ट' या मंत्राचंही तेच. २००० साली तो जादूगाराला दर फेरीत एक जादा हालचाल द्यायचा, त्यात तो आणखी एक मंत्र टाकायचा. २००३ मध्ये तो मुख्यतः एका जादा घावापुरता उरला. या दुरुस्त्या कुणा कारकुनाने मजा मारायला केल्या नव्हत्या. तीन वर्षं हजारो टेबलांवर एकटा जादूगार लढाई संपवत होता आणि बाकीचे वेफर्स खात होते.

दुपटीची दुप्पट कशी फुगते हे सिंगापूरकराला वेगळं सांगायला नको. इथल्या हॉटेलच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, 'प्लस प्लस'. शंभर डॉलरच्या जेवणावर आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या एकशे दहावर जीएसटी. १ जानेवारी २०२४ पासून तो ९ टक्के झाला. बिल एकशे एकोणीस येत नाही, एकशे एकोणीस डॉलर नव्वद सेंट येतं. ते जादा नव्वद सेंट अधिकावर अधिक चढल्याचे. हॉटेलवाला गुणाकार करतो, तिसऱ्या आवृत्तीने दोन दुपटींची तिप्पट करून निदान बेरजेवर भागवलं होतं. मित्राला हॉटेलवाल्याचा राग येतो, स्वतःच्या तलवारीला मात्र प्लस प्लस हवं असतं!

आता मोठ्या आकड्यांची मजा. मित्र म्हणतो, माझं पात्र भारी झालं तर डीएमने भारी राक्षस आणावा, आहे काय अन् नाही काय. इथे पेन्सिल घेऊन बसू. सध्याच्या खेळात बचावाच्या काही गोष्टी खरोखर स्टॅक होतात. प्लेट चिलखताचे १८, ढालीचे २, ढालीवर जादू असेल तर आणखी २, बचावाच्या शैलीचा १, अंगठीचा १, झग्याचा १. झाले २५. फाशावर ७ मिळवून हल्ला करणाऱ्या राक्षसाचा घाव नुसत्या १८ च्या चिलखतावर पन्नास टक्के वेळा लागतो, २५ वर फक्त पंधरा टक्के. त्यातही पहिल्या अधिक एकाने पन्नासाचे पंचेचाळीस झाले, म्हणजे मार एक दशांशाने घटला. शेवटच्या अधिक एकाने विसाचे पंधरा झाले, म्हणजे मार एक चतुर्थांशाने घटला. आकडा तोच 'एक', पण ढिगाच्या वरचा एक तळातल्या एकापेक्षा कितीतरी वजनदार. जितकं रचाल तितकं पुढचं रचणं फायद्याचं. म्हणून कागद भरत जाणारा माणूस कधी थांबत नाही.

मग डीएम मोठा राक्षस आणतो, १४ मिळवून हल्ला करणारा. पंचवीसवाल्याला तो निम्म्या वेळा लागतो. लढाई रंगली! पण शेजारी आमचा नॅशनल सर्व्हिसवाला 'रोग' (Rogue) या क्लासचं पात्र घेऊन बसलाय, त्याचा बचाव १५. आधीचा राक्षस त्याला पासष्ट टक्के वेळा लागत होता. नवा पंच्याण्णव टक्के वेळा लागतो, कारण फाशावर नुसता एक पडला तरच चुकतो. एकाच्या बेरजेचा हप्ता दुसऱ्याच्या जिवावर फेडला गेला. शिबिरातून आठवड्याचा घाम गाळून आलेल्या पोराने साडेआठला बसावं आणि पावणेनऊला मरून पडावं, ही मजा कुणाची?

मित्राने इथे 'बॉल्डर्स गेट ३' पुढे केला. लॅरियन स्टुडिओजच्या २०२३ सालच्या त्या कॉम्प्युटर गेममध्ये वॉरलॉकचा जादा घाव दुसऱ्या क्लासच्या एक्स्ट्रा अटॅकवर चढतो आणि तीन घाव मिळतात. तिथे चालतं तर इथे का नाही? उत्तर प्रश्नातच आहे. तिथे चारही पात्रं बहुतेक वेळा एकच माणूस हलवतो. एक पात्र फुगलं तर कुणाचीच पाळी बुडत नाही, कारण सगळ्या पाळ्या त्याच्याच. आणि त्याच वर्षाच्या शेवटी लॅरियनने 'ऑनर मोड' ही सगळ्यात कठीण पातळी आणली, तेव्हा तीच तीन घावांची सोय तिथून काढून टाकली. मित्राचा साक्षीदार उलटतपासणीत आमच्या बाजूने बोलला.

राहिलं पुराण. "कर्णाकडे कवच होतं, कुंडलं होती, इंद्राची शक्ती होती. व्यासांनी कुठे म्हटलं की स्टॅक होत नाही?" मित्रा, वनपर्वात म्हटलंय. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात आला, कवच-कुंडलं घेऊन गेला आणि त्यांच्या बदल्यात वासवी शक्ती देऊन गेला. दोन्ही एका वेळी कर्णापाशी कधीच नव्हती. त्यातही शक्ती एकदाच वापरायची अट होती, ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडली आणि अर्जुन वाचला. चढले ते शाप. परशुरामाचा वेगळा, ब्राह्मणाचा वेगळा. एकाने अस्त्र आठवेनासं झालं, दुसऱ्याने चाक रुतलं. उगम दोन, परिणाम दोन, म्हणून दोन्ही लागू. व्यासांना हा नियम आपल्या डीएमपेक्षा चांगला कळत होता. आणि अभिमन्यू? त्याच्यावर कुणी मोठं अस्त्र रचलं नाही. सहा महारथी एकदम तुटून पडले, सहा पाळ्या एकाच्या विरोधात. युद्धात सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जादा पाळी, जादा घाव. म्हणूनच एक्स्ट्रा अटॅकवर पुस्तक सगळ्यात जास्त कडक आहे.

आता माझ्याच म्हणण्यातली एक भेग दाखवतो, मित्राला ती सापडण्याआधी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत 'अ‍ॅडव्हान्टेज' मिळाला की दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. अकरा हवे असतील तर शक्यता पन्नासवरून पंचाहत्तर टक्के होते. पण तिघांनी तीन तऱ्हांनी अ‍ॅडव्हान्टेज मिळवून दिला तरी फासे दोनच. म्हणजे माणसामाणसांमधली बेरीजही इथे अडवली आहे. हो, अडवली आहे, आणि तिसऱ्या मदतनिसाला ते लागतं. मात्र क्लेरिकने, म्हणजे पुजाऱ्याने, 'ब्लेस' हा मंत्र म्हटला तर फाशात चार बाजूंच्या फाशाची भर पडते, सरासरी अडीच, आणि ती अ‍ॅडव्हान्टेजवर बिनदिक्कत चढते. दोन क्लेरिकनी दोनदा ब्लेस म्हटला तर मात्र एकच लागू होतो. खेळाचं सांगणं असं की शेजारी जे करतोय तेच तू करू नकोस, वेगळं काही आण. शिवाय ब्लेस आणि हेस्ट दोन्ही एकाग्रतेचे मंत्र, एका जादूगाराला एका वेळी एकच धरता येतो. दोन्ही एकाच योद्ध्यावर हवे असतील तर मंत्र टाकणारे दोघे लागतात.

हा विचार मला सगळ्यात स्वच्छ दिसला तो 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत. तिने डझनभर जाती मोडीत काढून तीनच ठेवल्या: वस्तूचा बोनस, स्थितीचा बोनस, प्रसंगाचा बोनस. वस्तूचा येतो आपल्या हत्यारातून. स्थितीचा बहुधा कुणा साथीदाराच्या गाण्यातून किंवा मंत्रातून. प्रसंगाचा येतो आपण कुठे उभे आहोत, कुणी हात दिला यावरून. एकीतले दोन चढत नाहीत, तीन जातींचे तीन चढतात. सिंगापुरात रीसेल फ्लॅट घेणाऱ्या पात्र कुटुंबाची अनुदानं अशीच असतात. एक उत्पन्न पाहून, एक पहिलं घर रीसेलमध्ये घेतल्याबद्दल, एक आईवडिलांजवळ राहायला गेल्याबद्दल. कारणं तीन म्हणून तिन्ही मिळतात. एकाच कारणासाठी दोनदा हात पसरला तर खिडकीवरचा माणूस नम्रपणे मान हलवतो.

शेवटी तो टोमणा, सिंगापूर टेबलावर आणल्याचा. हॉकर सेंटरमध्ये जागा धरायला आपण टिश्यूचं पाकीट ठेवतो, त्याला इथे 'चोप' करणं म्हणतात. हा नियम कुठल्याही कायद्यात नाही, त्यासाठी दंड नाही, तरी त्या पाकिटाला सगळे मान देतात. पण तो मान एका माणसाला एका खुर्चीपुरता असतो. कुणी एकट्याने पाच टेबलांवर पाच पाकिटं ठेवली तर हातात ट्रे घेतलेली पहिली काकू ती उचलून बाजूला ठेवेल, आणि आसपासचे सगळे तिच्या बाजूने असतील. स्टॅकिंगचा नियम आम्ही आणला असेल तर तो त्या काकूकडून आणला, दंडाच्या पाट्यांवरून नाही.

तेव्हा मित्रा, तुझ्या तिसऱ्या घावाचा हिशेब करून हा वाद मिटवतो. तुझी स्ट्रेंग्थ २०, हातात ग्रेटसोर्ड, अंगात रेज. घाव लागला तर सहा बाजूंचे दोन फासे म्हणजे सरासरी ७, वर ५, वर २. एकूण १४. तुला नाकारलं गेलं ते एवढं. आता शेजारी बघ. त्या पोराचा रोग दहाव्या लेव्हलला आहे, त्याचा 'स्नीक अटॅक' सहा बाजूंचे पाच फासे, सरासरी साडेसतरा. त्यासाठी त्याला एवढंच लागतं की शत्रूच्या पाच फुटांत आपला कुणीतरी उभा असावा. गेले चार शनिवार तो 'कुणीतरी' तूच आहेस. तू राक्षसाला भिडतोस म्हणून ते पाच फासे टेबलावर पडतात. तुझ्या कागदावर ते दिसत नाहीत, त्याच्या कागदावर आहेत.

पुढच्या शनिवारी साडेसातला ये, फासा डब्यातून बाहेर काढ आणि राक्षसाला खेटून उभा राहा. कोपी मी आणतो.